वाढत्या अंगाची खेळणी, वाढत्या अंगाची पुस्तकं

मुलांचे कपडे घेताना आपण सगळेच म्हणतो, जरा वाढत्या अंगाचे बघा. बाह्या दुमडू, खालची दुमड पुढे उसवू, पण दोन वर्षं तरी चालले पाहिजेत. एवढा हिशेबी माणूस खेळण्यांच्या दुकानात शिरला की विरघळतो. दिवे लुकलुकतात, गाणं वाजतं, खोक्यावर ‘बुद्धीला चालना’ असं छापलेलं असतं. पंधरा दिवसांत ती वस्तू पलंगाखाली जाते.

मीही यातून गेले आहे. थोरल्याच्या वेळी एक बोलणारा कुत्रा आणला होता. पोट दाबलं की सहा वाक्यं बोलायचा. थोरल्याला ती सहाच्या सहा पाठ झाली आणि कुत्र्याचं काम संपलं. त्याच सुमारास कुणीतरी दिलेली साध्या ठोकळ्यांची पिशवी मात्र घरात सात वर्षं खेळात राहिली, धाकटीच्या हातात गेली, आणि थोरला मोठा झाल्यावरही अधूनमधून तिच्यात हात घालत राहिला. या दोन वस्तूंत फरक काय, हे मला बरंच उशिरा कळलं. नव्याने आई-बाबा, आजी-आजोबा, मावशी-काका झालेल्यांना ते थोडं लवकर कळावं, म्हणून हे सगळं.

कपड्यांचं गणित एका बाबतीत मात्र चालत नाही. ढगळ सदरा आजही घालता येतो. चार वर्षांनी उमगेल असं खेळणं आज दिलं, तर मूल ते फेकतं नाहीतर चघळतं, आणि ‘याला यात रस नाही’ असा शिक्का आपण मारून मोकळे होतो. तेव्हा खेळणं आज बसलं पाहिजे आणि उद्याही पुरलं पाहिजे.

पायरी 1: दुकानात जाण्याआधी आठवडाभर मुलाकडे बघा

काही विकत घेऊ नका. मूल रिकाम्या वेळात काय करतं, ते फक्त बघा. एखादं मूल हाती येईल ते वरून खाली टाकतं आणि वाकून बघतं. दुसरं डबे, पिशव्या भरतं आणि या खोलीतून त्या खोलीत वाहून नेतं. तिसरं बाहुलीपासून चमच्यापर्यंत सगळं फडक्यात गुंडाळून ठेवतं. आपल्याला हा पसारा वाटतो, पण मूल एकच प्रयोग शंभर वेळा करून बघत असतं. टाकणाऱ्याला चेंडू आणि एक उतरती फळी द्या, वाहून नेणाऱ्याला टोपली किंवा ढकलगाडी, गुंडाळणाऱ्याला कापडाचे चार मोठे तुकडे. नेम चुकणार नाही.

मग घरात आत्ता किती खेळणी आहेत ती मोजा. खरंच मोजा, अंदाज नको. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला होता. अडीच वर्षांच्या आतल्या 36 मुलांना एकदा 4 खेळण्यांबरोबर आणि एकदा 16 खेळण्यांबरोबर खेळू दिलं. चारच खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि तेच खेळणं जास्त तऱ्हांनी वापरू लागली. सोळा असताना याच्यावरून त्याच्यावर उड्या. नवीन काही आणण्याआधी घरातलं निम्मं डोळ्यांआड ठेवून बघावं, हे मी त्यावरून शिकले. पुष्कळदा आणायची गरजच उरत नाही.

पायरी 2: तीन वयांचा प्रश्न विचारा

वस्तू हातात घ्या आणि स्वतःला विचारा: दोन वर्षांचं मूल याचं काय करेल? पाच वर्षांचं काय करेल? नऊ वर्षांचं काय करेल? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आली तर ती वस्तू वाढत्या अंगाची. एकाच वयाचं उत्तर सुचलं तर ती वस्तू काही महिन्यांची पाहुणी. पाहुणी आणू नये असं नाही. पाहुणी आहे हे ठाऊक असावं.

चेंडू घ्या. दोन वर्षांचं मूल तो घरंगळवतं आणि मागे धावतं. पाच वर्षांचं झेलतं, टप्पे मोजतं. नऊ वर्षांचं त्याच चेंडूभोवती नियम रचतं आणि त्या नियमांवरून भांडतं. हे भांडणही खेळातच मोडतं. पत्त्यांचा जोड घ्या: आधी लाल-काळ्याचे ढीग, मग बदामचे इकडे आणि किलवरचे तिकडे, मग आकड्यांची रांग, मग पालथ्या पत्त्यांतून जोड्या लक्षात ठेवणं, आणि शेवटी मोठ्यांच्या पंगतीत बसून खरे डाव. 52 पानांत दहा-बारा वर्षं निघतात. आता बोलणारा कुत्रा घ्या. दोन वर्षांचं मूल पोट दाबतं. पाच वर्षांचंही पोटच दाबतं. नऊ वर्षांचं तो उघडून आत काय आहे ते बघतं, आणि खरं सांगायचं तर त्या कुत्र्याचा तेवढाच उपयोग मला मनापासून आवडला.

या कसोटीला ठोकळ्यांइतकं चोख उतरणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही, म्हणून त्यांच्यापाशी जरा थांबते.

कॅरोलिन प्रॅट या शिक्षिकेने 1914 साली न्यूयॉर्कमध्ये एक शाळा काढली. साध्या, न रंगवलेल्या लाकडी ठोकळ्यांचा जो संच आज जगभरच्या बालवाड्यांत दिसतो, तो तिचा. त्याची सगळी करामत मापात आहे. मूळ ठोकळ्याची जाडी, रुंदी आणि लांबी 1 : 2 : 4 या प्रमाणात असते, साधारण साडेतीन, सात आणि चौदा सेंटिमीटर. दोन अर्धे मिळून एक पूर्ण होतो, दोन पूर्ण मिळून एक दुप्पट. शाळेत अपूर्णांक भेटायच्या कितीतरी आधी मुलाच्या हाताला पाव, अर्धा, पाऊण ठाऊक झालेला असतो, कारण त्याशिवाय पुलाचा दुसरा खांब पहिल्याएवढा होत नाही.

याच वर्तुळातल्या हॅरिएट जॉन्सन यांनी मुलं ठोकळ्यांशी कशी खेळतात याचं बारीक निरीक्षण करून 1933 साली त्याचे टप्पे मांडले. घरी बसून ते डोळ्यांनी पडताळून बघता येतात. पहिल्यांदा मूल ठोकळे फक्त उचलून नेतं, रचत नाही. मग एकावर एक मनोरा, नाहीतर जमिनीवर एकापुढे एक रांग. मग एक दिवस पूल: दोन उभे, वर एक आडवा. हा दिवस येईपर्यंत मनोरा अक्षरशः शेकडो वेळा पडलेला असतो. मग चार बाजू बंद करून आवार. मग सारखेपणा, दोन्हीकडे एकसारखी नक्षी. मग बांधलेल्याला नाव मिळतं, ‘हा दवाखाना’. आणि शेवटी बांधण्याआधीच नाव ठरतं, आराखडा डोक्यात तयार असतो, आणि त्या दवाखान्यात दिवसभर माणसं ये-जा करतात. सात टप्पे, पण पिशवी तीच.

म्हणूनच पहिल्या मोठ्या खर्चाची वेळ आली तर तो ठोकळ्यांवर करा, असं मी बिनदिक्कत सांगते. एका मुलाला साधारण चाळीस-पन्नास पुरतात. त्याहून कमी असले तर ऐन पुलाच्या वेळी संपतात आणि रडारड होते. रंगीत पाहिजेत, अक्षरं छापलेले पाहिजेत, हा आग्रह सोडा. अक्षर छापलेला ठोकळा ‘अ’च राहतो. कोरा ठोकळा सकाळी फोन असतो आणि संध्याकाळी साबण.

एकमेकांत अडकणाऱ्या विटांचाही इथेच विचार करू. लेगोची आजची वीट 1958 सालच्या विटेत बसते, आणि लहान मुलांसाठीची दुप्पट मापाची डुप्लो वीटही धाकट्या विटांशी जोडता येते. आठ खुंट्यांच्या एकाच रंगाच्या फक्त सहा विटा 91,51,03,765 प्रकारे जोडता येतात, असं गणित मांडलं गेलं आहे. कुणाच्या विटा घ्याव्यात हे मी सांगणार नाही. एवढंच की एक पद्धत निवडा आणि तिच्यातच भर घालत राहा. तीन वेगवेगळ्या प्रकारच्या, एकमेकींत न बसणाऱ्या विटा घरात आल्या की तिन्ही अपुऱ्या पडतात. चित्राबरहुकूम एकच जहाज होणारा संच आणलात, तर जहाज आठवडाभर मिरवू द्या आणि मग सगळं मोडून मोठ्या डब्यात ओता. मुलं आधी हळहळतात. नंतर त्या डब्यातून जे निघतं ते खोक्यावरच्या चित्रात कधीच नसतं.

पायरी 3: काम कोण करतंय ते बघा

हा सर्वांत सोपा प्रश्न, आणि दुकानात उभ्या उभ्या विचारता येतो. खेळणं चालू असताना आवाज कोण काढतंय? गाडी कोण चालवतंय? बाहुली काय बोलते ते कोण ठरवतंय? उत्तर ‘बॅटरी’ असेल तर मुलाला प्रेक्षकाची जागा उरते.

गंमत म्हणजे अशी खेळणी आपल्यालाही गप्प करतात. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 10 ते 16 महिन्यांच्या 26 बाळांचं आणि त्यांच्या पालकांचं घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं होतं. इलेक्ट्रॉनिक खेळणी असताना मोठी माणसं सर्वांत कमी बोलली, साध्या खेळण्यांशी त्याहून जास्त, आणि पुस्तकं हातात असताना सर्वांत जास्त. खेळणं बोलतंय म्हटल्यावर आपण कशाला बोलू! पण बाळ भाषा शिकतं ते त्याच्याकडे बघून, त्याच्या हुंकाराला उत्तर देत बोलणाऱ्या माणसाकडून.

भेट म्हणून आलेल्या अशा खेळण्याची बॅटरी काढून ठेवणं हा आमच्या घरचा जुना उपाय आहे. निम्मी खेळणी बॅटरीवाचून जास्त बरी चालतात.

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात ‘द स्ट्रॉंग’ नावाचं खेळाला वाहिलेलं संग्रहालय आहे. तिथे उत्तमोत्तम खेळण्यांना मानाच्या यादीत स्थान मिळतं. त्या यादीत 2005 साली पुठ्ठ्याचं खोकं आलं, 2008 साली काठी, 2011 साली पांघरूण आणि 2021 साली वाळू. त्यामुळे मोठं खोकं घरी आलं तर रद्दीत घालण्याआधी महिनाभर मुलाच्या ताब्यात राहू द्या. पिना आणि चिकटपट्ट्या तेवढ्या काढा.

सुट्या वस्तूंचं महत्त्व इंग्लंडमधल्या सायमन निकल्सन यांनी 1971 साली एका लेखात मांडलं होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ज्या जागेत हलवता, जोडता, बदलता येणाऱ्या वस्तू जितक्या जास्त, तितकी शोध घ्यायला आणि घडवायला वाव जास्त. झाकणं, रिळं, नळ्या, दोऱ्या, कापड, गुळगुळीत दगड यांना कुणी खेळणं म्हणत नाही, पण ठोकळ्यांच्या दवाखान्यात औषधं त्यांचीच होतात. मात्र पुढची पायरी वाचल्याशिवाय हे डबे मुलांपुढे ठेवू नका.

पायरी 4: इथे तडजोड नाही

बाकी सगळ्या बाबतीत तुमचं-माझं मत वेगळं असू शकतं. सुरक्षेच्या बाबतीत मी हट्टी आहे.

खोक्यावर लिहिलेलं ‘3 वर्षांखालील मुलांसाठी नाही’ हे वाक्य, किंवा लाल वर्तुळात बाळाचा चेहरा आणि त्यावर आडवी रेघ ही खूण, मुलाच्या हुशारीबद्दल काही सांगत नसते. सुटे होणारे बारीक भाग गिळले जाऊ शकतात, एवढाच तिचा अर्थ. ‘आमचा वयाच्या मानाने फार पुढे आहे’ म्हणून हा इशारा ओलांडणारे लोक मी पाहिले आहेत. हुशार मुलाचा घसाही तेवढाच अरुंद असतो.

बारीक वस्तू तपासायला अमेरिकेच्या नियमांत सुमारे 32 मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. तीत पूर्ण मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात चालत नाही. चेंडूंना तिथे आणखी कडक माप आहे, सुमारे 44 मिलिमीटर, कारण गोल वस्तू घशात बूच बसावं तशी बसते. घरी टॉयलेट पेपरच्या गुंडाळीची आतली पुठ्ठ्याची नळी घ्या. तिच्यातून जे आरपार जातं ते छोट्या बाळाच्या आसपास नको. गोल वस्तू नळीत जेमतेम अडकली तरी तिला बाहेरचाच रस्ता दाखवा.

बटणाच्या आकाराचा चपटा सेल गिळला तर अन्ननलिका दोन तासांत गंभीर भाजू शकते. सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणं घेऊ नका. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता रुग्णालय गाठा. लहान पण ताकदवान लोहचुंबक तसेच वाईट. दोन गिळले गेले तर आतड्याच्या वेगवेगळ्या वळणांतून ते एकमेकांना चिकटतात आणि मधल्या भिंतीला भोक पडतं. पाण्यात फुगणारे रंगीत मणी पोटातही फुगतात. फुटलेल्या फुग्याचे तुकडे ताबडतोब उचला. आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना त्यांचा धोका असतो. बाळाच्या खेळण्याला वीतभराहून लांब दोरी नको.

दुकानात करायच्या चार गोष्टी: डोळे, चाकं, बटणं जोराने ओढून बघा. कडांवरून बोट फिरवा. वास घ्या. डोक्यात जाणारा रासायनिक वास असेल तर परत ठेवा. आणि आवाज करणारं खेळणं स्वतःच्या कानाशी धरा, कारण बाळ तेच करणार आहे.

पायरी 5: वय बघा, पण पुढचा मुक्कामही बघा

पहिल्या वर्षात फार काही लागत नाही. नवजात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवरचं नीट दिसतं, म्हणजे कुशीतून आपल्या चेहऱ्यापर्यंतचं अंतर. तेव्हा पहिलं खेळणं तुमचा चेहरा. मग काळ्या-पांढऱ्या ठळक आकृत्या, खुळखुळा, चघळायला काहीतरी. आठ महिन्यांच्या आसपास झाकलेली वस्तू नाहीशी झालेली नसते, ती तिथेच असते, हे बाळाला उमगू लागतं. मग रुमालाखाली चेंडू लपवणं हा जगातला सर्वोत्तम खेळ होतो. या वयात जे पुढे चालणार आहे तेच घ्या: एकात एक बसणाऱ्या वाट्या किंवा पेले. बाळ ते चावतं, वर्षाचं झालं की आपटतं, दीडाचं झालं की रचतं, तिसऱ्या वर्षी त्यात पाणी ओतून कुठल्यात किती मावतं बघतं, आणि पाचव्या वर्षी वाळूचे किल्ले पाडतं.

एक ते तीन या वयात सगळं अंग कामाला लागतं. ढकलायला, ओढायला, ओतायला, भरायला. याच काळात खोटं-खोटं खेळणं सुरू होतं. बाहुली आणा आणि मुलगा असला तरी आणा. बाळाला झोपवणं, पुसणं, रागावणं हे तो घरात बघतोच आहे, ते करून बघायला त्याला कुणीतरी हवं. बाहुली साध्या चेहऱ्याची असावी. कायम हसणाऱ्या बाहुलीला ताप आणता येत नाही.

तीन ते सहा हा भातुकलीचा, दवाखान्याचा, दुकानाचा काळ. तयार झगमगीत पोशाखांपेक्षा ओढण्या, टोप्या, जुन्या पिशव्या जास्त भूमिका निभावतात. मातीचा गोळा, जाड खडू, बोथट टोकाची कात्री, गोंद आणि भरपूर कोरा कागद. रंगवायला छापील चित्रं कमी द्या. चित्रांची जोडकोडी या वयात घ्यावीत, पण तुकड्यांची चढण हळू ठेवा: डझनभरापासून सुरुवात, मग चोवीस, मग पन्नासच्या घरात. पहिलीच शंभर तुकड्यांची आणली की ती आई-बाबा रात्री जागून पूर्ण करतात.

सहाच्या पुढे नियमांचे खेळ. फासे, सोंगट्या, डोमिनोच्या 28 सोंगट्या, बुद्धिबळ. इथे एक धोरण ठेवा: ज्या खेळात नशीब आणि डोकं दोन्ही थोडं थोडं लागतं, तो आधी आणा. निव्वळ नशिबाचा खेळ लवकर पानचट होतो, आणि निव्वळ डोक्याच्या खेळात मूल मोठ्यांकडून सारखं हरतं. खरी हत्यारंही याच सुमारास: छोटी हातोडी, सुई-दोरा, भिंग, मोजपट्टी. ती खरीच असावीत. खेळण्यातल्या कात्रीने कापड कापत नाही आणि मुलाला वाटतं आपलाच हात वाकडा.

पायरी 6: पुस्तकं, म्हणजे जरा सावकाश

पुस्तकांच्या बाबतीत नवखे पालक दोन टोकं गाठतात. बाळाला काय कळतंय म्हणून दोन-तीन वर्षं काहीच नाही, आणि मग अक्षरओळखीच्या पुस्तकांचा मारा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 पासून सल्ला दिला आहे की बाळपणापासूनच मोठ्याने वाचून दाखवावं. बाळाला गोष्ट कळत नाही, पण आवाजाची चढउतार कळते, मांडी कळते, पान उलटलं की काहीतरी नवं येतं हे कळतं. जाड पुठ्ठ्याची पानं घ्या, कोपरे गोल असू द्या, आणि पुस्तक चावलं जाणार हे मनाशी ठरवून टाका. चावलेलं पुस्तक हे वापरलेलं पुस्तक असतं.

निवडताना मी चार गोष्टी बघते.

पहिली, ते मला शंभर वेळा वाचवेल का? तेवढ्या वेळा वाचावं लागणारच आहे. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात, ज्यांना त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा वाचून दाखवल्या, त्यांच्या लक्षात नवे शब्द जास्त राहिले. वेगवेगळ्या गोष्टी ऐकणारी मुलं मागे पडली, तेच शब्द तितक्याच वेळा ऐकूनही. तेव्हा ‘तीच गोष्ट’ या हट्टाला कंटाळू नका. कंटाळा न येण्यासाठी भाषा मात्र चांगली हवी. दुकानातच पहिलं पान ओठांत पुटपुटून बघा. जीभ अडखळत असेल, वाक्य सरकारी पत्रासारखं वाटत असेल, तर रात्री झोपेच्या वेळी ते वाचवणार नाही.

दुसरी, चित्रांत शब्दांपेक्षा जास्त काही आहे का? शब्द म्हणतात ‘उंदीर घरी गेला’ आणि चित्रात मांजर खिडकीतून बघतंय, तर दोन वर्षांचं मूल उंदीर बघतं, चार वर्षांचं ओरडून मांजर दाखवतं, आणि सात वर्षांचं विचारतं की हे लिहिलं का नाही. तीन वयांचा प्रश्न इथेही लागू पडतो. शब्दच नसलेली चित्रपुस्तकं या बाबतीत फार दिलदार असतात. दरवर्षी त्यांची गोष्ट मूल नव्याने सांगतं. अशी पुस्तकं बघून ‘यात वाचायला काय आहे’ म्हणणारे मोठे लोक भेटतील. त्यांच्याच हातात ते द्या आणि मुलाला सांगायला लावा.

तिसरी, आत कोण आहे? रूडिन सिम्स बिशप या अमेरिकन प्राध्यापिकेने 1990 मध्ये मुलांच्या पुस्तकांना आरशाची, खिडकीची आणि सरकत्या काचेच्या दाराची उपमा दिली होती. मुलाला स्वतःचं घर, स्वतःसारखी माणसं दिसतील अशी काही पुस्तकं हवीत, आणि दुसऱ्याचं जग दिसेल अशीही. पुस्तकांच्या फळीपुढे उभं राहून बघा: सगळे आरसेच आहेत का, की सगळ्या खिडक्याच? आमच्याकडे एकेकाळी सगळे नायक मुलगे आणि सगळ्या आया स्वयंपाकघरात होत्या. मला ते धाकटीने दाखवून दिलं.

चौथी, गोष्टींव्यतिरिक्त काय आहे? कविता आणि बडबडगीतं, कारण ती पुस्तक मिटल्यावरही तोंडात राहतात. आणि माहितीची पुस्तकं, कारण काही मुलांना राजा-राणीत काडीचा रस नसतो, त्यांना गटाराचं पाणी कुठे जातं ते हवं असतं. चांगलं माहितीचं पुस्तक थोडं वरच्या वयाचंच घ्यावं. लहानपणी चित्रं बघायला, मग मथळे वाचायला, मग मजकूर.

आता सर्वांत नेहमीची चूक. मूल स्वतः वाचू लागलं की पालक वाचून दाखवणं बंद करतात आणि चित्रपुस्तकं ‘बाळांची’ म्हणून काढून टाकतात. मुलाची ऐकून समजण्याची ताकद वाचून समजण्याच्या ताकदीच्या कितीतरी वर्षं पुढे असते. सहा वर्षांचं मूल स्वतः दोन-तीन शब्दांची वाक्यं, जोडाक्षरांना ठेचकाळत वाचतं, पण कानाने ते दहा-बारा वर्षांच्या मुलांची कादंबरी पचवतं. म्हणून दोन वेगळ्या थप्प्या ठेवा: एक स्वतः वाचायची, सोपी, मोठ्या टायपातली, दुसरी ऐकायची, दमदार. फक्त पहिल्या थप्पीवर ठेवलेल्या मुलाला वाटतं की पुस्तकं म्हणजे हे असंच कंटाळवाणं काहीतरी.

पहिल्या थप्पीसाठी पाच बोटांची युक्ती चालते. मुलाला मधलंच एक पान उघडून वाचू द्या. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. एक-दोन बोटं मिटली तर पुस्तक योग्य, पाचही मिटली तर आत्ता नको. पण हट्टाने हवंच म्हणत असेल तर घेऊ द्या, आणि ते दुसऱ्या थप्पीत घाला.

वाचून दाखवताना सगळं न थांबता घडाघडा वाचायची गरज नाही. 1988 मध्ये ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मोठ्यांनी मध्येच उघडे प्रश्न विचारले, मुलाच्या उत्तरात थोडी भर घालून ते परत म्हटलं, तर मुलांचं बोलणं चांगलं वाढतं. ‘हा कोण?’ एवढ्यावर थांबू नका. ‘हा असा तोंड लपवून का बसलाय?’ असं विचारा, आणि मग गप्प बसा. गप्प बसणं अवघड जातं, मला अजूनही जातं. आणि रोज प्रत्येक पानावर परीक्षा घेऊ नका. काही रात्री नुसती गोष्ट हवी असते.

वाचनालय असेल तर आधी तिथून आणा. तीनदा परत आणावं लागलेलं पुस्तक विकत घ्या. याहून भरवशाची शिफारस कुठल्याही यादीत मिळत नाही.

पायरी 7: आणलेलं मांडा, आणि फिरवा

उत्तम खेळणी एका खोल पेटाऱ्यात कोंबली तर ती नसल्यात जमा. मूल पेटारा उलटा करतं, वरचं चार काढतं आणि निघून जातं. बुटक्या, उघड्या फळीवर मोजकी खेळणी ठेवा, सुटे भाग वेगवेगळ्या टोपल्यांत. पुस्तकांची निदान काही मुखपृष्ठं समोर दिसू द्या. लहान मुलं कण्यावरून पुस्तक ओळखत नाहीत.

उरलेलं वर ठेवा आणि तीन-चार आठवड्यांनी अदलाबदल करा. परत आलेलं खेळणं नव्यासारखं वाटतं, आणि मधल्या काळात मूलही थोडं बदललेलं असतं. ठोकळे, बाहुली आणि कागद-रंग यांना मात्र या फेरीतून वगळा. रात्रीतून कुणाचं गाव गायब करू नये. अर्धवट बांधलेलं एखादं बांधकाम दोन दिवस जमिनीवर राहिलं तर केर त्याच्या बाजूने काढा.

नातेवाईक विचारतात, काय आणू? ‘काहीही चालेल’ असं म्हणालात तर काहीही येतं. एक छोटी यादी फोनमध्ये ठेवा: आणखी वीस ठोकळे, अमुक मापाचे जाड खडू, वाचनालयाची वर्षाची वर्गणी. आजी-आजोबा याला नाराज होतील असं मला वाटलं होतं. ते उलट सुटल्यासारखे झाले.

आणि जे खेळणं तीन वेळा फळीवर येऊनही हात लागला नाही, ते दुसऱ्या घरी जाऊ द्या. देताना मुलाला विचारा. त्याच्या मागे गुपचूप दिलेलं खेळणं नेमकं दुसऱ्याच दिवशी आठवतं. धुवून, पुसून, सेल काढून, सगळे तुकडे मोजून कापडी पिशवीत घाला आणि पिशवीवर तुकड्यांचा आकडा लिहा. घेणाऱ्या आईला पहिल्या रात्री पलंगाखाली नेमकं किती शोधायचं ते कळतं.